तेरावी पायली

१

धान्य कमी भरलं म्हणून बोंब मारत आलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. जास्त भरलं म्हणून पांढरीफटक पडून माझ्या ओट्यावर टेकलेली शकुबाई ही पहिलीच.

सप्टेंबर संपत आला होता. भर दुपारची वेळ. तिने पदराने तोंड पुसलं, पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"बाई, चला. पोत्यात पायली वाढून राहिली."

"शकुबाई, उन्हात फिरू नका म्हणून सांगितलं होतं."

"मी शुद्धीत हाय, बाई. तीन पोती फोडली. तिन्हीत येकेक पायली जास्त."

शकुबाई आमच्या गावच्या बियाणे गटाची अध्यक्ष. कळमनुरीपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव, आणि गावातल्या सव्वीस घरांच्या बायकांनी मिळून जुन्या दगडी ज्वारीचं बी राखलेलं आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला प्रत्येक घर सात पायल्या, म्हणजे सात भरली मापं, बी आणून घालतं. रब्बीच्या पेरणीआधी प्रत्येक घर चार पायल्या घेऊन जातं, उरलेलं दुबार पेरणीची वेळ आली तर म्हणून ठेवतात. पोतं बारा पायल्यांचं. बारा भागिले चार, भागाकार तीन, बाकी शून्य. एका पोत्यात तीन घरं सुटतात आणि पोतं रिकामं होतं. चौथीच्या पोरालाही हे जमतं.

"पयल्या पोत्यातून तीन घरांचं मोजून दिलं," शकुबाई सांगू लागली. "झटकायला पोतं उचललं, तर खाली येक पायली. म्हटलं, माझंच चुकलं. दुसऱ्यात बी तेच. तिसऱ्याला समद्या बाया डोळे फाडून बसल्या व्हत्या. बराबर बारा मोजल्या. तरी बाकी येक."

"मग? जास्त निघालं तर चांगलंच आहे की."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाया म्हणून राहिल्या, भिकाबाई आणून टाकती. चोरलेलं. समदं टाकून होईस्तवर तिला सुटका न्हाई."

माझ्या हातातला पंखा थांबला. भिकाबाईला जाऊन साडेपाच महिने झाले होते. आणि तिला चोर ठरवणारी मी होते.

२

सांगून टाकते, लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

मी निर्मलाबाई. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत चौथीला गणित शिकवलं. जन्म हिंगोलीच्या रेल्वे क्वार्टरमधला, वडील गँगमन. आमच्या घरी ज्वारी पिशवीतून यायची, रास आम्ही लांबूनही पाहिली नाही. हे गाव नवऱ्याचं. तो गेला, मी निवृत्त झाले आणि इथे राहायला आले. एकदा एका कळपातली चार मेंढरं कुठे गेली ते मी ओट्यावर बसून, नुसते प्रश्न विचारून शोधून दिलं होतं. तेव्हापासून कुणाचं काही हरवलं की लोक माझ्याकडे येतात. मला ते आवडायचं, हेही सांगते.

मार्चमध्ये बी भरायचा दिवस होता. बियाण्याची खोली म्हणजे जुन्या शाळेचा वर्ग. शाळा नव्या इमारतीत गेली, फळा भिंतीवर तसाच राहिला. मोजायचा मान भिकाबाईचा. सत्तरीची बाई, मनगटं काटकुळी, पण चाळीस वर्षं गावाच्या राशी तिनेच मोजल्या होत्या. बी मोजताना इथे कुणी आकडा उच्चारत नाही, बियाला दृष्ट लागते म्हणतात. सगळी पोती शिवून होईपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं. मोजणारीने पायली पोत्यात ओतली की रिकामी पायली फरशीवर आपटायची, टक. ते ऐकून दुसरीने फळ्यावर रेघ ओढायची. यंदा पहिल्यांदाच रेघा ओढायला मला बसवलं. माझं तोंड फळ्याकडे, आणि भिकाबाई पाठीमागे राशीजवळ.

प्रत्येक पोत्याच्या सुरुवातीला ती हळदीत बोट बुडवायची, माझ्या खांद्यावरून हात घालून फळ्यावर एक ठिपका लावायची आणि म्हणायची, "लाभ." तेवढाच एक शब्द. पुढे टक, टक, टक. बारा रेघा झाल्या की मी हात वर करायचे आणि ती दाभण उचलायची.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. दर पोत्याला शेवटच्या टकच्या आधी ती थांबायची. पाठीमागे एकदम शांत व्हायचं. मी वळूनसुद्धा न बघता खडू फळ्यावर ठोकायचे, म्हणजे अजून एक. मग सावकाश, नाइलाजाने आपटल्यासारखी, टक. चौदा पोत्यांना चौदा वेळा.

चौदावं पोतं शिवलं आणि राशीची जागा मोकळी झाली. सव्वीस सत्ते एकशे ब्याऐंशी. भागिले बारा, पंधरा पोती आणि बाकी दोन पायल्या. इथे पोती चौदाच आणि बाकी काहीच नाही. मी पडताळा केला. बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट. एकशे ब्याऐंशीतून वजा केले तर चौदा पायल्यांचा पत्ता नव्हता.

"चौदा पायल्या गेल्या कुठे, भिकाबाई?" मी सगळ्यांसमोर विचारलं. "शेवटच्या पायलीला तुमचा हात का अडायचा? गणित खोटं बोलत नाही."

तिने फळ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे. "बाई, तुमी बराबर मोजून राहिल्या ना?" एवढंच म्हणाली. मी भडकले. पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

शिवलेलं बी पेरणीआधी उघडत नाहीत, असा इथला दंडक. त्यामुळे पुन्हा मोजायची सोय नव्हती. चौथ्या दिवशी ती माझ्या दारात आली, भर उन्हात, एकटी. "बाई, येक सांगायचं व्हतं. आत येऊ का?" मी म्हणाले, "जे काय ते गटात सांगा," आणि दार लावून घेतलं. दाराच्या जाळीतून मला तिची सावली दिसत होती. ती बराच वेळ हलली नाही.

तीन आठवड्यांनी भिकाबाई गेली. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. गावाने मनात जे लिहिलं ते वेगळं होतं. तेव्हापासून दुपारी डोळा लागला की मला पाठीमागे टकटक ऐकू येते. अकरा वेळा येते, मग थांबते. आणि मी घामाने भिजून उठते.

३

खोलीबाहेर लिंबाखाली दहा-बारा बायका घोळका करून उभ्या होत्या. भिकाबाईची सून मिना एकटीच पायरीच्या टोकाला, रिकाम्या पोत्याची घडी काखेत धरून. तिसऱ्या पोत्यापर्यंत नऊ घरांचं वाटप झालं होतं. दहावा नंबर तिचा, आणि नेमकं तिथेच वाटप थांबलं होतं.

"उद्या चारला बैठक हाय," शकुबाई माझ्या कानाशी म्हणाली. "मिनाचं नाव कमी करा म्हणत्यात. अशा घरात आपलं बी जायला नको म्हणत्यात."

"तिचं रान तयार आहे?"

"दोन एकर नांगरून पडलंय. वाफसा हाय, पेरण्याजोगी ओल दोन-तीन दिवसांत उडून जाईल."

आत गेले. लिंबाच्या वाळक्या पाल्याचा आणि जुन्या ज्वारीचा वास होता. अकरा पोती भिंतीला टेकून उभी, बंद. मी एकेकाचं तोंड चष्मा लावून तपासलं. लाल दोरा, भिकाबाईच्या हातची दुहेरी गाठ, आणि गाठीवर लाखेचा थेंब. ती तशीच शिवायची. एकही थेंब तडकलेला नव्हता. पोती खालून उसवलेली नव्हती, कुठे उंदराचं भोक नव्हतं. फोडलेल्या तीन पोत्यांचे दोरेही शकुबाईने ठेवले होते, गाठी शाबूत होत्या.

"फोडताना वर लिंबाचा पाला होता?"

"व्हता की. जसा घातला व्हता तसा, थरच्या थर."

म्हणजे शिवल्यानंतर पोत्यात कुणाचा हात गेलेला नव्हता. तरीही आत धान्य वाढलं होतं.

दारातून कुणीतरी कुजबुजलं, "जिला गाठ सोडायची गरजच न्हाई, तिला काय."

मी फळ्याकडे वळले. माझ्या रेघा मार्चपासून कुणी पुसल्या नव्हत्या, पुसायला कुणाचा हात धजला नव्हता. चौदा ओळी, प्रत्येक ओळीत बारा रेघा. आणि प्रत्येक ओळीच्या डोक्याशी भिकाबाईच्या बोटाचा पिवळा ठिपका. बोटाच्या रेषासुद्धा दिसत होत्या. मेलेल्या माणसाची चौदा बोटं आपल्याकडे रोखलेली आहेत असं वाटलं आणि मी नजर काढून घेतली. भुताखेतावर माझा विश्वास नाही. पण त्या खोलीत पाठ फळ्याकडे करून उभं राहायला मला जमेना.

मी बाहेर आले आणि खोलीच्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या मागितल्या. एक शकुबाईने कमरेची काढून दिली.

"दुसरी?"

"भिकाबाईकडं व्हती," ती म्हणाली आणि पायरीकडे पाहिलं. "ती अजून परत आली न्हाई."

४

मिनाच्या घरी जायच्या आधी मी योगेशला गाठलं. शकुबाईचा थोरला. कळमनुरीला त्याचं बियाण्यांचं दुकान आहे, दुपारी जेवायला गावात येतो. आईच्या गटाचं फुकटचं बी त्याच्या डोळ्यात सलतं, हे गावाला माहीत आहे. आईच्या कमरेची किल्ली त्याला मिळणं अवघड नव्हतं.

"मी काहून टाकू ज्वारी?" तो हसायला लागला. "बाई, काढली आसती तर समजलं आसतं. गट मोडायचा आसंल तर बी कमी करावं लागतं, वाढवून कोणी मोडतं का?"

"भीती घालून मोडतं."

"भीती घालायची तर मी भुताचं पिवळं बोट तरी उमटवलं आसतं पोत्यावर," तो म्हणाला. मग गंभीर झाला. "मी तवाच म्हणलो व्हतो, काटा आणतो, येक पोतं तोलून बघा, न उघडता. आई म्हणली, बियाला काटा लावत न्हाईत. आन् तुमी म्हणल्या, गणित झालंय, काट्याची गरज न्हाई. म्हणल्या ना?"

म्हटलं होतं. मी उठले.

मिना दारात बाजारची ज्वारी पाखडत होती. मला पाहून उठली, सतरंजी टाकली, पाणी दिलं. माझ्याकडे बघत मात्र नव्हती.

"किल्ली कुठे आहे, मिना?"

ती आत गेली आणि एक कापडी पुरचुंडी घेऊन आली. सोडून दाखवली. आत किल्ली होती, आणि किल्लीला हळद माखलेली.

"आत्याबाईंनी अशीच ठेवली व्हती. मी हात लावला न्हाई. परत द्यायला गेले आसते, तर बाया म्हणल्या आसत्या, बघा, लपवून ठिवली व्हती."

"तू पोत्यात बी टाकलंस का? सासूवरचा डाग पुसायला?"

"कुठून टाकू?" आता तिने मान वर केली. "माझ्या घरी दगडी ज्वारी हाय कुठं? आन् टाकली आसती तर चोरी कबूल केल्यावानी झालं नसतं? आत्याबाई जित्या व्हत्या तवा त्यांनी कबूल केलं न्हाई. आता मेल्यावर तुमी त्यांच्याकडून वदवून घेऊन राहिल्या."

तिचं बरोबर होतं. ते भूत गावाने उभं केलं होतं खरं, पण त्याच्या हातात चोरी मी दिली होती.

"त्या काय म्हणायच्या, शेवटी?"

"येकच. बी पोत्यातच हाय. कुठं गेलं न्हाई." तिने सूप उचललं. "आम्हाला वाटायचं, म्हातारीचं डोकं फिरलं."

५

पोती भरली त्या दिवशी ती उचलून भिंतीला लावली थावराने. तांड्यावरचा गडी, हिंगोलीच्या हळद मार्केटात वीस वर्षं हमाली केलेला. तो नेमका गावात होता. त्याला घेऊन मी पुन्हा खोलीवर गेले, वाटेत चार पावलं टाकली की मला मागे वळून बघावंसं वाटत होतं.

"थावरा, यातलं एक पोतं उचल बरं."

त्याने पोतं पाठीवर घेतलं, दोन पावलं चालला, ठेवलं.

"कसं वाटलं?"

"व्हतं तसंच हाय."

"होतं तसं म्हणजे कसं?"

"भरल्या दिवशी व्हतं तसं. बाई, माझा खांदा काट्याला हार जात न्हाई. त्या दिशी मी भिकाबाईच्या कानाशी म्हणलो बी व्हतो, म्हातारे, बारा पायलीचं पोतं येवढं काहून जड लागून राहिलं? येका पायलीचा फरक हाय."

"मग ती काय म्हणाली?"

"काहीच न्हाई. तुमच्याकडं बघितलं तिनं. तुमी फळ्यावर लिव्हत व्हत्या."

"हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"मला इचारलंच कोनी?" थावरा म्हणाला. "हमालाला कोन इचारतं."

मी पायरीवर बसले. पोती पहिल्या दिवसापासून जड होती. म्हणजे वाढीव पायली कुणी नंतर आणून टाकली नव्हती, ती शिवतानाच आत होती. प्रत्येक पोत्यात तेरा पायल्या. पोती चौदा. तेरा गुणिले चौदा मला करायचीही गरज पडली नाही, उत्तर समोर येऊन उभं राहिलं. एकशे ब्याऐंशी. बाकी शून्य.

गायब चौदा पायल्या आणि पोतीही चौदाच. हा आकडा सहा महिने माझ्या नाकासमोर होता. वर्गात एखाद्या पोराला दिसला नसता तर मी त्याचा कान पिळला असता.

चोरी झालीच नव्हती. पण फळ्यावर प्रत्येक ओळीत रेघा बाराच होत्या, आणि त्या मी माझ्या हाताने ओढल्या होत्या. तेराव्या पायलीची टक मला ऐकू का आली नाही?

६

"शकुबाई, एक पोतं मोजून दाखवा. भिकाबाई मोजायची अगदी तसं."

मी त्याच खुर्चीवर बसले, तोंड फळ्याकडे. हातात खडू. पाठीमागे शकुबाईने चौथ्या पोत्याचा दोरा कापला, बी चादरीवर ओतलं, दुसरं पोतं तोंड उघडं करून समोर घेतलं. मग सगळं शांत झालं.

माझ्या खांद्यावरून हात आला. पिवळं बोट फळ्याला टेकलं. "लाभ," शकुबाई पुटपुटली. आणि पाठीमागे धान्य ओतल्याचा आवाज आला, सरसरून, भरगच्च.

टक मात्र वाजली नाही.

मी वळले. शकुबाईच्या हातात रिकामी पायली होती आणि पोत्याच्या तळाशी बी होतं.

"तुम्ही पायली ओतलीत. आपटली का नाही?"

"लाभाला काहून आपटायची?" ती गोंधळली. "लाभाला बोट लावलं की फळ्यावर. तीच त्याची खूण."

"लाभ म्हणजे?"

"पयली पायली, बाई. रास मोजताना येक म्हणत न्हाईत. पयली म्हंजी लाभ, मंग दोन, मंग तीन. बी मोजताना तर बाकीचं बी बोलायचं न्हाई, म्हणून बोटाची खूण आन् पुढं टकटक. लेकरायला बी ठाऊक हाय हे." ती थांबली. तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला. "तुमी लाभ धरलाच न्हाई?"

मी फळ्याकडे पाहिलं. एक ठिपका, बारा रेघा. एक ठिपका, बारा रेघा. मला तो देवाधर्माचा प्रकार वाटला होता. ती म्हातारीची पहिली पायली होती. प्रत्येक ओळीत तेरा खुणा सहा महिने उघड्यावर होत्या, तिच्या बोटासकट.

आणि ती शांतता. अकराव्या टकला बारा पायल्या पुऱ्या व्हायच्या. भिकाबाई थांबायची, कारण पोतं भरलेलं असायचं. बोलायची बंदी, म्हणून ती मी वळायची वाट बघत थांबायची. आणि मी न वळता खडू ठोकायचे, अजून एक. चौदा वेळा तिने मला माझी चूक दाखवली आणि चौदा वेळा मी तिला दटावलं.

"तुम्ही कुणीच फळा का नाही पाहिला?" माझा आवाज फाटला.

"तुमी बसल्या व्हत्या ना," शकुबाई म्हणाली. "तुमच्या रेघा कोन मोजणार, बाई?"

मग तिने दार लोटून घेतलं आणि माझ्याजवळ सरकली. "बाई, ऐका. भरताना गोंधळ झाला म्हणू. मिनाला बी देऊन टाकू, नाव बी ऱ्हाईल तिचं. तुमचं नाव काहून घ्यायचं? उतारवयात तुमची आब्रू..."

सांगायला लाज वाटते, पण एक क्षण मला ते पटलं.

७

दुसऱ्या दिवशी चारला खोली भरली होती. बायका दाराकडे पाठ करून बसायला तयार नव्हत्या, फळ्याकडे तोंड करायलाही नाही, म्हणून भिंतीला चिकटून बसल्या होत्या. मिना उंबऱ्यातच होती.

मी उभी राहिले.

"सव्वीस घरं, प्रत्येकी सात पायल्या," मी म्हणाले. "चौदा पोती. बाकी शून्य. तर प्रत्येक पोत्यात किती?"

"बारा," दोघीतिघी म्हणाल्या.

"तेरा," उंबऱ्यातून मिना म्हणाली.

"तेरा," मी म्हणाले. "भिकाबाई काही आणून टाकत नाहीत. त्यांनी काही नेलंच नव्हतं. त्यांनी लाभ मोजला, मी नाही मोजला. चूक माझी. त्यांना चोर मी म्हणाले, तुमच्या सगळ्यांसमोर, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. माझं गणित चुकलं होतं आणि त्यांचं माप बरोबर होतं."

मी प्रत्येक ठिपक्याखाली खडूने एक लिहीत गेले, चौदा वेळा. पाठीमागे कुणीतरी हुंदका दिला. कुणाला तरी ते अजून पटत नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मला तर कोणीतरी माझ्यावर ओरडावं असं वाटत होतं, पण गावात बाईंवर कुणी ओरडत नाही.

मिना आत आली. भिकाबाईची पायली, काठ झिजून पातळ झालेली, तिने उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"मंग आता तुमी मोजा. त्यांचं तेवढंच म्हणणं व्हतं."

मी आयुष्यात पहिल्यांदा राशीसमोर बसले. आदल्या दिवशी फोडलेलं पोतं आणि न फोडलेली दहा. मिना फळ्याशी उभी राहिली. मी हळदीत बोट बुडवलं, तिने सरकून जागा दिली, मी ठिपका लावला. "लाभ," म्हणाले, आणि पहिली पायली ओतली. अकराव्या टकला माझा हात आपसूक थांबला. पायलीला कळतं, हाताला कळतं, पोतं भरलंय हे. खोलीत तीच शांतता पसरली जी मी सहा महिने ऐकत होते. मिनाने खडू ठोकला नाही. तिने वळून पाहिलं, मान हलवली आणि हात वर केला.

भिकाबाईला एवढंच हवं होतं.

अकरा पोती होईपर्यंत दिवस मावळला. मनगट सुजलं, पण पायली मी कुणाच्या हातात दिली नाही. प्रत्येक पोत्यातून एक पायली उरली आणि चादरीवर अकरा पायल्यांची रास झाली. आधीच्या तीन मिळवून चौदा. एकही बाई मधेच उठली नाही. शेवटी सगळ्यांनी ठरवलं, मिनाचं नाव राहील, आणि मोजायचा मान आता तिचा.

मिनाने तिच्या चार पायल्या मोजून घेतल्या. मग त्या चौदांतली एक पायली तिने जुन्या लाल फडक्यात बांधली आणि माझ्या ओटीत ठेवली.

"मिना, त्या दिवशी त्या माझ्या दारात आल्या होत्या," मी म्हणाले. "काय सांगायला?"

"हेच. आम्ही म्हणत व्हतो, गटात सांगा, समद्यांसमोर. तर म्हणल्या, न्हाई, बाईंना चारचौघात खाली मान घालाय लावायची न्हाई. येकटीला सांगून येते." ती पोतं डोक्यावर घेऊ लागली. मी हात लावायला पुढे झाले तर तिने थावराला हाक मारली.

"आणि हे बी?" मी फडक्याकडे बोट केलं. "याचं काय करू?"

"पेरू नका. दळू नका. नुसतं घरात ठेवा," मिना म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी तिची पेरणी झाली. आता तिची ज्वारी गुडघ्याला लागली आहे, रस्त्याने जाताना मला दिसते. ती दिसली तर मान हलवते, बोलत नाही. मीही आग्रह करत नाही.

पस्तीस वर्षं मी मुलांना सांगायचे, बाकी लिहा आणि पुढचं गणित घ्या. ती लाल फडक्यातली पायली माझ्या टेबलावर, चष्म्याच्या डबीशेजारी आहे. दुपारी अजूनही अकरा टक वाजतात आणि आवाज थांबतो. मग मी उठते, दाराची जाळी उघडते आणि थोडा वेळ उघडीच ठेवते.